पार्टी आभारी आहे

आमच्या बँडचा गायक नोकरी लागून पुण्याला गेला, तेव्हा त्याला सोडायला मी स्टँडवर गेलो नाही. मला राग आला होता, आणि राग आला की मी घरी बसून ड्रमचे स्क्रू आवळतो. त्या दिवशी इतके आवळले की एक तुटला. बायको म्हणाली, "जाणारा गेला मजेत, आन् तुमी इथं पाना घेऊन बसले."

खामगावात आमचा रॉक बँड आहे असं सांगितलं की समोरचा माणूस पहिल्यांदा विचारतो, घोडी तुमची की आमची? मग त्याला समजवावं लागतं की बाबा रे, वरातीचा नाही, आम्ही आमची गाणी आम्हीच करतो आणि लोक ती बसून ऐकतात. यातलं "बसून" माझ्या पदरचं आहे. लोक बहुतेक उभे असतात आणि निघायच्या बेतात असतात.

आम्ही चौघे होतो. गिटारवाला हा कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या घराण्यातला पुतण्या. गाणी तोच लिहितो, चाली तोच लावतो आणि काका ओरडले की सरकीच्या ट्रकांकडेही तोच धावतो. बेस गिटार वाजवणाऱ्याचं मेडिकल स्टोअर आहे. दिवसभर गिऱ्हाइकांना "जेवणाआधी, जेवणानंतर" सांगून तो इतका दमलेला असतो की बँडमध्ये तोंडच उघडत नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि ड्रम वाजवतो. चौथा तो पळालेला गायक. त्याचे केस चांगले होते. आवाजही चांगला होता, हे मी आजही दात-ओठ खात मान्य करतो.

नऊ गाणी तयार होती, अल्बम करायचं पक्कं झालं होतं, आणि ऐन वेळी हा गेला. वर पुण्याहून फोन करून म्हणाला, "तुम्ही वाजवून पाठवा, मी इथे खोलीत बसून आवाज टाकून देतो." आणि हे बोलताना त्याची भाषा एकदम इस्त्री केलेली! गिटारवाला तयार झाला होता. मी म्हणालो, "गाणं काय मनीऑर्डर आहे? मी दुसरा गायक आणतो." आणतो म्हटलं खरं, पण कुठून आणणार ते मला काडीचंही माहीत नव्हतं.

माझं कॉलेज संग्रामपूरला. रोजची एसटी. त्या गाडीवर चाळिशीच्या एक कंडक्टरबाई होत्या. "मधात उभे राहू नका, मांगं सरका, मांगं जागा हाय!" असं त्या म्हणाल्या की जागा नसली तरी लोक मागे सरकायचे. एप्रिल अखेरीला एकदा पूर्णेचा पूल ओलांडल्यावर गाडीचा पट्टा तुटला. ड्रायव्हरने डोकं बॉनेटमध्ये खुपसलं, आम्ही प्रवासी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली जाऊन सरकारला शिव्या देऊ लागलो. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "ताई, बसून राहण्यापरीस एखादं म्हणा ना. तुमच्या बाबाची पार्टी आमच्या गावात येत होती जयंतीले."

कंडक्टरबाईंनी फार आढेवेढे घेतले नाहीत. गळ्यातलं तिकिटाचं मशीन पाठीवर टाकलं, बसच्या पायरीवर चढून दांडी धरली आणि गायला लागल्या. ड्रायव्हरने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं. मी पेपरने वारा घेत होतो, तो हात तसाच राहिला. सडकेपलीकडच्या वावरात काम करणारी माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

गाणं अर्ध्यावर आलं तेव्हा म्हातारीने कमरेच्या पिशवीतून दहाची नोट काढून हात उंच केला. बाई त्याच क्षणी थांबल्या. नोट घेतली, आणि निवडणुकीचा निकाल जाहीर करावा अशा आवाजात म्हणाल्या, "आजीबाईंकडून गायन पार्टीले दहा रुपये भेट आली आहे. पार्टी आभारी आहे." आणि ज्या शब्दावर गाणं सोडलं होतं, बरोबर त्याच शब्दावर पुन्हा उचललं.

तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. पुढे याच गोडीने माझं ब्लडप्रेशर वाढवलं.

गायन पार्टी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एप्रिल आला की गावोगाव भीमजयंतीचे कार्यक्रम असायचे. पेटी, ढोलकी, पुढे मुख्य गायक, मागे कोरस. ओळ आवडली की ऐकणारा उठतो, नोट धरून हात वर करतो, गायक तिथेच थांबून देणाऱ्याचं नाव पुकारतो, पार्टी आभारी आहे म्हणतो आणि पुढे गातो. बाईंचे वडील अशा एका पार्टीचे मालक आणि गायक होते. बाई लहानपणी कोरसमध्ये उभ्या राहिल्या आणि पुढे बापाच्या शेजारी बसून गायल्या. मग गावोगाव डीजे आले आणि पार्टी मोडली.

संग्रामपूरच्या स्टँडवर उतरताना मी विचारलं, "ताई, आमच्या बँडमध्ये गाल का?"

"कोणाचं लग्न हाय?"

मी सगळं रामायण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोरस कोण धरते?"

"कोरस नाही आमच्याकडे."

"मंग गाणारीनं दम कवा घ्यायचा?"

"गिटार वाजते तेव्हा," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बरं," म्हणाल्या, "सुट्टीच्या दिवशी येते."

आता स्टुडिओ. खामगावात स्टुडिओ म्हणजे फोटोचा. पण माझ्या डोक्यात एक कल्पना होती, आणि ती माझीच होती हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर तिचं काय झालं तेही सांगायचं आहे. मे महिन्यात जिनिंग बंद असतं. गिटारवाल्याच्या काकांनी भाव वाढेल या आशेने कापसाच्या गाठी विकल्याच नव्हत्या. पत्र्याचं भलंमोठं गोदाम गाठींनी भरलेलं. मी म्हणालो, मधोमध एका खोलीएवढी जागा मोकळी करा, चारी बाजूंनी छतापर्यंत गाठी रचा. कापूस आवाज खातो. बाहेर ट्रक गेला तरी आत कळणार नाही. हमालांनी लोखंडी आकडे लावून गाठी हलवल्या आणि आमची कापसाची खोली तयार झाली. आत उभं राहून मी टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातात मेली. मला इतका आनंद झाला की मी ती परत परत वाजवून सगळ्यांना दाखवली.

काकांनी परवानगी देताना सांगितलं, "बिडी नाही, उदबत्ती नाही, त्या तुमच्या आवाजाच्या पेट्या तापल्या की बंद करायच्या. आन् भाव आला की मी गाठी काढीन. मंग तुमचं गाणं अर्धं राहो की पाव राहो." त्यांनी वाळूने भरलेली लाल बादली माझ्या ड्रमशेजारी आणून ठेवली. मी शिक्षक माणूस, आग लागली तर मीच जबाबदार, असं त्यांचं गणित असावं.

पहिल्या दिवशी बाई आल्या त्या वडिलांना घेऊन. म्हातारे उंच, पांढराशुभ्र सदरा, गळ्यात निळा रुमाल, हातात काठी. "बाबाले घरी एकटं नाही ठेवता येत," बाई म्हणाल्या. "त्याईले कमी ऐकू येते." म्हाताऱ्यांनी सगळ्यांना जयभीम घातला, कोपऱ्यातल्या एका बुटक्या गाठीवर बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि मुलीच्या तोंडाकडे पाहत राहिले.

आत उकाडा एवढा की बोलायची सोय नाही. बाहेर खामगावचा मे, वर पत्रा, भोवती कापूस, आणि कूलरचा आवाज माइकात येतो म्हणून गाणं चालू असताना कूलर बंद. आम्ही ओले दुपट्टे डोक्याला बांधून वाजवत होतो. बाईंना हेडफोन घातला. त्यात ताल धरायला एक यंत्राचं टिकटिक असतं, त्याला आम्ही क्लिक म्हणतो. बाई म्हणाल्या, "हे कोण खटखट करून राह्यलं? त्याले थांबवा." मी सांगितलं की ते थांबत नसतं, आपण त्याच्याबरोबर जायचं. "म्हंजे ड्रायव्हर होय," त्या म्हणाल्या आणि मग त्यांना ते पटलं. एसटीत एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. बाईंनी माइकच्या स्टँडवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि आम्ही सुरू झालो.

बाई अशा गायल्या की गिटारवाला स्वतःचं वाजवणं विसरून त्यांच्याकडे पाहू लागला. पहिलं कडवं गेलं, दुसरं चढलं, मी जोरात झांज मारायला हात वर नेला, आणि बाई थांबल्या. "ड्रमवाल्या सरांकडून…" एवढं म्हणून त्यांनी जीभ चावली.

चूक कुठे होती ते कळायला आम्हाला आख्खी दुपार लागली. ऐकणाऱ्यांमध्ये हात वर गेला की गाणं थांबवायचं, हे बाईंच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. गिटारवाला "आवाज वाढव" म्हणून हात वर करी, बाई थांबत. बेसवाला कपाळाचा घाम पुसायला रुमाल उचली, बाई थांबत. आणि मी तर ड्रमवाला. माझा हात गाण्यात शंभरदा वर जातो, तोच माझा धंदा आहे. गिटारवाला म्हणाला, "सर, हात खालून वाजवून पाहा ना जरा." इतकी वर्षं ड्रम वाजवून मी पीठ मळल्यासारखा वाजवू लागलो. मग त्याने बाईंना पाठमोरं, गाठींकडे तोंड करून उभं केलं. बाईंनी दोन ओळी म्हटल्या आणि वळून म्हणाल्या, "कापसाच्या तोंडाकडे पाहून कोणी गाते काय हो?" तेही खरं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक गाणं शेवटापर्यंत नीट आलं. आता संपणार, आता संपणार, म्हणून मी श्वास रोखून बसलो होतो. शेवटच्या ओळीला माझ्या नाकावर माशी बसली. मी ती उडवली. बाई थांबल्या.

मी शिवी दिली. वऱ्हाडी होती, ऐसपैस होती आणि तिच्यात एका म्हशीचा उल्लेख होता. कॉलेजात कोणी ऐकली असती तर माझी नोकरी गेली असती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ड्रमवाल्या सरांकडून गायन पार्टीले एक शिवी भेट आली आहे. पार्टी आभारी आहे." आणि सोडलेल्या शब्दावरून गाणं उचलून पूर्ण केलं.

बेसवाला हसला. त्याचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, ते त्याच्या बोलण्यापेक्षा बरंच मोठं होतं. हसता हसता त्याने खिशातून दहाची नोट काढून बाईंपुढे धरली. बाईंनी हात मागे घेतला.

"नाही घेत मी," त्या म्हणाल्या. "तुमी पार्टीतले. पार्टीतल्या माणसानं पार्टीले बक्षीस देऊ नाही. बक्षीस ऐकणाऱ्यानं द्यायचं. माह्या बापानं इतकी वर्सं माह्यं गाणं ऐकलं, पण मले कवा एक रुपया देला नाही. शेजारीच बसलेला राहे तो."

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांना हे काही ऐकू आलं नसावं. प्रत्येक गाण्यानंतर बाई त्यांच्याकडे पाहायच्या. ते मान हलवून "बरं हाय" म्हणायचे. गाणं आभाळाला भिडलेलं असो की खड्ड्यात गेलेलं असो, "बरं हाय". त्याच्यापुढे एक अक्षर नाही. बाई मग माठाकडे जाऊन उगाच पाणी प्यायच्या. मला म्हाताऱ्यांचाही राग यायचा. माझा राग तसा सगळ्यांना पुरून उरतो.

एका रविवारी मी पोचलो तर बाई दोन गाठींच्या फटीत उभ्या. आतून आमच्या जुन्या गायकाचा आवाज येत होता. गिटारवाल्याने मला न विचारता आमचं वाजवलेलं एक गाणं पुण्याला पाठवलं होतं, आणि त्याने त्यावर आपला आवाज चढवून परत धाडलं होतं. सुरात, तालात, क्लिकच्या बोटाला धरून. कुठे थांबणं नाही, काही नाही.

"चांगला गाते," बाई म्हणाल्या. मग गाठीतून सुटलेला कापूस बोटाने आत खुपसला. "मंग माह्यं पुसून टाकसान काय?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"सर, बाबाच्या पार्टीचं काहीच नाही राह्यलं. कॅसेट नाही, फोटो नाही. पेटी होती थे उंदरांनी खाल्ली. लोकं म्हंतात, काय आवाज होता बुवाचा. होता ना. पण कुठी हाय तो आता?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "माह्या तरी कुठी राहू द्या."

मला वाईट वाटलं की मी भांडतो. आत जाऊन मी गिटारवाल्याला म्हणालो, "त्याचाच आवाज ठेवायचा असेल तर ड्रमही पुण्याहूनच मागव." तो म्हणाला, "सर, मले काय बाईचा आवाज आवडत नाही काय? पण अल्बम झाला पाहिजे ना. काकाच्या गाठी हायेत तोवर नऊच्या नऊ गाणी न थांबता झाली, तर बाईच. नाही तर मंग सगळी गाणी पुण्याले." बाई फटीतून सगळं ऐकत होत्या. "हाव," म्हणाल्या, "नाही थांबत."

त्यांनी सराव सुरू केला तो गाडीत. रस्त्याकडेला हात दाखवणाऱ्या माणसाकडे पाहायचं आणि मनातलं गाणं न तोडता पुढे जायचं. एकदा त्यात त्या घंटी मारायलाच विसरल्या. उन्हात हात वर करून उभा असलेला एक गृहस्थ तसाच उभा राहिला आणि गाडी पुढे गेली. मी मागच्या सीटवरून तो लहान लहान होत जाताना पाहिला. बाईंना डेपोत बोलणी खावी लागली. पण गाणी होऊ लागली. माझा हात वर जायचा, बाईंची मान किंचित हलायची, गाणं मात्र चालत राहायचं. गिटारवाला खूश झाला. आठ गाणी अशी झाली. बाईंच्या गाण्यातून काहीतरी कमी झालंय असं मला वाटायचं, पण काय ते सांगता येत नव्हतं, आणि आठ गाणी झालेली असताना मी तोंड कशाला उघडू?

शेवटचं गाणं राहिलं होतं आणि काकांचा सकाळीच फोन आला. "भाव आला रे पोट्टेहो. ट्रक लागले." आम्ही पोचलो तोवर हमालांनी एक भिंत नेली होती. गिटारवाल्याने काकांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काका म्हणाले, "मले भाव थांबते काय? हमाल भाकर खायले बसतीन, तेवढ्यात उरका." बाई ड्यूटी बदलून धावत आल्या, मागून काठी टेकत वडील. भाकरीची वेळ होईपर्यंत आमच्या चारही भिंती ट्रकांवर चढल्या होत्या. म्हाताऱ्यांची बुटकी गाठसुद्धा गेली. ते गोदामाच्या फरशीवर, शिदोरी सोडून बसलेल्या हमालांच्या रांगेत जाऊन बसले.

मी टाळी वाजवून पाहिली. टाळी पत्र्याला लागून खाली आली, परत वर गेली आणि गोदामभर फिरत राहिली. "गेलं," गिटारवाला म्हणाला, "सर, हे आख्खं गोदाम वाजून राह्यलं." माझी कापसाची खोली, माझं भौतिकशास्त्र, सगळं ट्रकवर. पण इलाज नव्हता. एकदाच वाजवायचं, होईल ते होईल. बाई माझ्याकडे वळल्या. "सर, काही झालं तरी थांबत नाही मी," म्हणाल्या आणि स्टँडवर दोनदा टकटक केलं.

गाणं उन्हावरचं होतं. "उन्हा रे उन्हा, बस जरासं, पाणी पी अन् मंग जाय." पहिली ओळ त्या मोकळ्या गोदामात अशी घुमली की हमालांचे घास हातात राहिले. आणि मी पाहिलं, म्हाताऱ्यांनी मान वर केली. आधी पत्र्याकडे पाहिलं, मग मुलीकडे, मग पुन्हा पत्र्याकडे. काठी बाजूला ठेवली. तोंड थोडं उघडलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस हा माणूस कापसात बसून होता. त्याला आधीच कमी ऐकू येतं आणि मी त्याच्याभोवती आवाज खाणाऱ्या भिंती रचल्या. वर टाळ्या वाजवून त्याची फुशारकी मारली! त्याने आमचं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं. पोरीचं तोंड हलताना पाहून तो "बरं हाय" म्हणत होता.

दुसऱ्या कडव्यात म्हातारे उठले. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी नोट काढली, सरळ केली आणि हात उंच धरला. जसा धरायचा असतो तसा, गायकाला दुरून दिसेल असा. हमालांनी पाय आखडून त्यांना वाट दिली. ते वायरी ओलांडत पुढे येऊ लागले.

बाईंनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. आणि त्या थांबल्या नाहीत. आवाज हलला नाही, ओळ चुकली नाही, फक्त डोळे त्या हातावर खिळलेले. म्हातारे माइकपुढे येऊन हात वर धरून उभे राहिले. रस्त्याकडेला उन्हात उभ्या असलेल्या त्या गृहस्थासारखे, आणि गाडी काही थांबेना. मला ते बघवेना.

मी वाजवायचं थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा, ऐन गाण्यात, दोन्ही काड्या मांडीवर ठेवून. गिटार थोडी पुढे धावली आणि अडखळून थांबली. बेसचा शेवटचा सूर पत्र्यात विरत गेला. आता बाईंना थांबावंच लागलं.

त्यांनी नोट दोन्ही हातांनी घेतली. "संग्रामपूर तालुक्यातले जुने, नामांकित गायक…" त्या म्हणाल्या, आणि आवाज निवडणुकीच्या निकालाचा राहिला नाही. "माहे बाबा. यांच्याकडून गायन पार्टीले दहा रुपये भेट आली आहे. पार्टी…"

पुढचं त्यांना म्हणता येईना. माझ्या हेडफोनमध्ये क्लिक चालूच होतं, टिक टिक टिक टिक. बाई नोट छातीशी धरून उभ्या.

"पार्टी आभारी आहे," बेसवाला म्हणाला. तो, जो कधी बोलत नाही. मग गिटारवाला म्हणाला, मग मी म्हणालो, आणि मागून सगळ्या हमालांनी एका आवाजात म्हटलं. बाईंना दम घ्यायला तेवढा वेळ पुरला. त्यांनी स्टँडवर दोनदा टकटक केलं आणि सोडलेल्या शब्दावरून गाणं उचललं, बरोबर क्लिकच्या पहिल्या ठोक्यावर. मी हात जितका वर जातो तितका नेऊन झांज मारली.

गाणं संपल्यावर बाईंनी नेहमीप्रमाणे वडिलांकडे पाहिलं. म्हातारे परत हमालांमध्ये जाऊन बसले होते. "दुसऱ्या अंतऱ्याले दम चोरला तू," ते म्हणाले. "आन् 'जाय' म्हंतानी आवाज पाडू नोको." बाई खाली बसल्या आणि हसत हसत रडायला लागल्या. काकांनी ट्रकवाल्याला हाक मारली, हमालांनी आकडे उचलले आणि आम्ही वायरी गुंडाळल्या.

गाणं न थांबता व्हायला हवं, ही अट गिटारवाल्याचीच होती. त्या रात्री त्याने मला फोन करून विचारलं, "सर, हे असंच ठेवू ना?" मी म्हणालो, "ठेव." तो म्हणाला, "पुण्याले कळवून टाका मंग." ते काम त्याने माझ्यावर का टाकलं ते मला माहीत आहे: स्टँडवर मी गेलो नव्हतो.

अल्बम निघाला. नऊही गाण्यांत बाईच आहेत, शेवटचं पत्र्यासकट. पुण्याहून मोठा मेसेज आला. आवाज छान आहे, अभिनंदन वगैरे, आणि खाली एक सूचना: शेवटच्या गाण्यात मध्येच ड्रम बंद पडलेत, कोणीतरी बोलतंय, मागे गोंगाट आहे, तेवढा भाग कापून टाका, ऐकणाऱ्याला चूक वाटते.

मला राग आला. मी लांबलचक उत्तर लिहिलं, त्यात म्हैस पुन्हा आली, मग सगळं पुसलं. शेवटी एवढंच पाठवलं: "पुण्याच्या गायकांकडून गायन पार्टीले एक सूचना भेट आली आहे. पार्टी आभारी आहे."